पाण्यात लावलेला सूर

१२ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. मिरजेतून सातची एसटी धरली, कराडला गाडी बदलली, पाटणला उतरले तर शाहनवाज जीप घेऊन उभा. उन्हानं काळाठिक्कर पडलाय. आधी डब्यात काय आणलंस ते विचारलं, मग मी कशी आहे ते. असा आमचा भाऊ.

कासारखोल धरण पाटणपासून वर तासाभरावर. वळणावळणानं जीप चढली आणि शेवटच्या वळणावर एकदम पाणीच समोर आलं. मिरजेच्या माणसाला पाणी म्हणजे कृष्णेचा घाट, नाहीतर एक दिवसाआड नळाला येणारं. इथं दोन डोंगरांच्या मधे मैलभर निळंशार पसरलेलं. बघतच राहिले. शाहनवाज म्हणाला, तोंड मीट आपा, माशी जाईल.

काम असं आहे. धरणाच्या पाण्यात सिमेंटचा उंच मनोरा आहे आणि त्याच्या बुडाशी पाणी सोडायचा लोखंडी दरवाजा. तो नीट बसत नाही, कुठूनतरी पाणी झिरपतं. खाली गाळामुळं हात पुढं केला तर हात दिसत नाही, म्हणून झिरपण कानानं शोधायची. पाण्यात सोडायचा माइक असतो, हायड्रोफोन म्हणतात. तो सोडायचा, हेडफोन लावायचा, ऐकत बसायचं. फटीतून जाणारं पाणी बारीक शिट्टी घालतं. मी शिट्टी शोधणार, शाहनवाज बुडी मारून ती फट बुजवणार. तो पाणबुड्या, मी कान. तंबोरे बनवणाऱ्या घरातली दोन पोरं शेवटी एका बोटीत आली म्हणायची.

खोली छान आहे. खिडकीतून पाणी दिसतं. स्वयंपाकाला राहीबाई आहेत, त्यांनी मला बघताच काडी झालीयास म्हणून दोन भाकरी जास्त वाढल्या.

निघताना अम्मी म्हणाली ते लिहून ठेवते. शाहनवाजचं हे पाण्यातलं शेवटचं काम. ईदनंतर रुक्सारशी निकाह, आणि मग अब्बांच्या शेजारी बसून तंबोऱ्यांचे भोपळे तासायचं त्यानं कबूल केलंय. अम्मी म्हणाली, मुबश्शिरा, मी तुला नोकरीला पाठवत नाही, त्याला घरी आणायला पाठवतेय. मी म्हटलं, आणते. त्यात काय एवढं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आमचे साहेब बाळगोंडा पाटील, सांगलीकडचे जैन. सूर्य मावळायच्या आत जेवतात, म्हणून सगळ्या कॅम्पचं जेवण साडेसहाला. माणूस सरळ आहे. मला म्हणाले, मशीन काय कुणीही चालवतं, कान कुणाला असतो. खूश झाले मी, उगाच कशाला खोटं लिहू.

कान आहेच मला. सात वर्षांची असताना अब्बा तार छेडून विचारायचे, चढलीय का उतरलीय. चुकलं तर बोलायचे नाहीत, नुसती बरोबर तार परत छेडायचे. आपलं चुकलेलं आपल्याला कळेपर्यंत छेडत राहायचे. आमच्या घरात बेसूर ऐकून कुणाला गप्प बसता येत नाही. पाहुण्यांच्या मोबाईलची रिंगटोन बेसूर असली तरी अब्बा बरोबरचा सूर गुणगुणतात. लाज आणतात कधीकधी.

आज पहिल्यांदा माइक सोडला. काय ऐकू येतं खाली. हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटर जातो, पाण्यात जवळजवळ दीड हजार, आणि जातो तो लांबवर जातो, विरत नाही. मैलभर लांब कुणी होडीत डबा आपटला तो माझ्या कानाशी आपटला. भाऊसो बोटीत खोकले ते बुडातून पाण्यात गेलं आणि खालून मला ऐकू आलं. शाहनवाज म्हणतो, खाली असताना आवाज कुठल्या बाजूनं आला तेही कळत नाही, दोन्ही कानांत एकदमच पोचतो. सगळं डोक्यातच वाजतं, म्हणतो.

भाऊसो म्हणजे आमचे बोटवाले, साठीचे. बोट इतकी जपून चालवतात की बघत राहावं. वल्ह्यांना गोणपाट गुंडाळलेलं, बोटीत तळाला पोती अंथरलेली, डबासुद्धा मांडीवर ठेवून उघडतात. मासे धरणारे लोक सगळीकडं काठीनं पाणी बडवून मासे जाळ्यात हाकलतात, इथले नुसतं जाळं लावून गुपचूप बसतात. मी विचारलं का, तर म्हणाले, हितलं पाणी लय ध्यान द्येतं ताई, एकदा ऐकल्यालं इसरत न्हाई. मी म्हटलं, मग त्याला पाढे शिकवा. हसले नाहीत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

शिट्टी सापडली. दरवाज्याच्या डाव्या चौकटीत, साधारण अठरा मीटर खोल. साहेबांनी पाठ थोपटली. शाहनवाजची पहिली बुडी आजच झाली.

बोलायच्या फोनचा मुखवटा दुरुस्तीला गेलाय, म्हणून ठोक्यांवर काम. मनोऱ्याला वरपासून खालपर्यंत लोखंडी शिडी आहे, तिच्यावर तो पान्हा मारतो. दर पाच मिनिटांनी दोन ठोके म्हणजे ठीक. चार म्हणजे वर ओढा. कमरेला दोरी असते, पण ती शिडीत अडकते, नुसत्या दोरीच्या भरवशावर राहता येत नाही. हेडफोनमध्ये ठोका असा स्वच्छ येतो की पान्हा कुठल्या हातात आहे तेही सांगता येईल. माझं काम ऐकायचं आणि मिनिट न् मिनिट लिहायचं. साहेबांचा तसा हुकूमच आहे, बुडी चालू असताना लेखणी थांबायची नाही. म्हणून ही वहीच बोटीत नेते, दोन वह्या कोण सांभाळणार.

सगळं नीट झालं. पस्तीस मिनिटांनी वर आला, टॉवेल गुंडाळून चहा प्यायला बसला. मी हेडफोन काढायला गेले तर दोन ठोके ऐकू आले.

शाहनवाज समोर होता. पान्हा त्याच्या पायाशी पडला होता.

म्हटलं, प्रतिध्वनी. पण समोरचा काठ सातशे मीटरवर. आवाज जाऊन परत यायला एक सेकंद लागतो. तो वर येऊन दहा मिनिटं झाली होती. घड्याळ लावून बसले. पाच मिनिटांनी परत दोन. पुन्हा पाच मिनिटांनी दोन. साहेब म्हणाले शिडीचा बोल्ट ढिला असेल, पाण्यानं हलत असेल. असेल बाबा. पण पाणी घड्याळ बघून हलतं का.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज फार वाईट झालं. 

दुसरी बुडी. दहा मिनिटं झाली, दोन ठोके. पंधरा, दोन ठोके. वीस, दोन ठोके. सगळं लिहिलंय मी. बाविसाव्या मिनिटाला शाहनवाज एकटाच पाण्यातून वर फेकल्यासारखा आला, ओठ निळे, एका पायातला पोहायचा रबरी पंजा निघून गेलेला. बोटीला धरून तो माझ्यावर ओरडला. आठ मिनिटं चार-चार ठोके मारतोय, तू काय झोपली होतीस का आपा. पाय जुन्या जाळ्यात अडकला होता. जाळं कापून आला.

मी वही दाखवली. तो म्हणाला, वही गेली खड्ड्यात. मग रेकॉर्डिंग लावलं. सगळं रेकॉर्ड होतं. दोन ठोके. दोन ठोके. चार कुठंच नाहीत. नीट ऐकलं तर दोन ठोक्यांच्या मागे, लांब, काहीतरी आहे, पण हे पुढचे दोन त्याच्या अंगावर बसलेत. एवढे जवळचे, एवढे ठणठणीत.

भाऊसोंनी शाहनवाजला घोंगडं दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, म्या सांगितल्यालं.

शाहनवाज संध्याकाळी येऊन माफी मागून गेला. लहानपणी भांडण झालं की तो माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा, तसाच बसला. मी घाबरले होते हे त्याला सांगितलं नाही. त्याला कळलं असणार.

१८ फेब्रुवारी, रविवार

साहेबांशी बोलले. ते म्हणाले, चूक शिडीची. उन्हाळी पाणी सोडायच्या आधी दरवाजा बसलाच पाहिजे, अजून एक बुडी, पण ठोक्यांची पद्धत बदलू. मी रात्रभर विचार केला होता. ठोका कुणीही मारेल. ढिला बोल्टही मारेल. असं काहीतरी पाहिजे जे आपोआप होणारच नाही, जे फक्त आम्हा दोघांना येतं.

आणि ते तर घरातच आहे. तंबोऱ्याच्या चार तारा. पंचम, सा, सा, खर्ज. आम्ही बोलायला शिकायच्या आधी ते ऐकलंय.

चार लोखंडी सळया कापून पट्टीवर बांधायच्या. असे दोन संच, एक त्याच्या कमरेला, एक बोटीत. पूर्ण फेरी म्हणजे ठीक. उलटी फेरी, खर्ज आधी, म्हणजे वर ओढ. आणि वरून मी नुसता खर्ज तीनदा मारला तर शिडी धर, हलू नकोस, मी सोडवते. शाहनवाजला इतकं आवडलं की तो लगेच अब्बांना फोन लावायला, रेंजसाठी टेकडी चढून गेला. अब्बा म्हणाले, लक्षात ठेवा, वाद्य जिथं वाजायचं तिथंच लावायचं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस सळया घासतेय, बोटं सोलवटलीत. हवेत बरोबर लागलेली सळई पाण्यात बुडवली की सूर खाली येतो, पाण्याचं ओझं होतं तिला. म्हणजे हवेत लावून उपयोग नाही. पाण्यातच लावायची. टोक घासायचं, बुडवायची, वाजवायची, हेडफोनमध्ये ऐकायचं, वर काढायची, परत घासायचं. आज सकाळी नऊपासून चारपर्यंत तेच. पंचम, सा, सा, खर्ज. शेकडो वेळा. मग उलटी फेरी. मग तीन खर्ज. शेवटी असा लागला की अंगावर काटा आला. पाण्यातला खर्ज कुणी ऐकला नसेल. बोटीच्या फळ्यांमधून तळपायात चढतो.

भाऊसो आज दोनदा म्हणाले, ताई बास करा. तिसऱ्यांदा हात जोडले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मामा, तुमची पाण्याची भीती सांभाळत बसले तर माझा भाऊ मरेल, परवा थोडक्यात वाचलाय. ते वल्ह्याचं गोणपाट आवळायला लागले. नंतर मलाच वाईट वाटलं. वयानं बापासारखा माणूस.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मी एकटीच धक्क्यावर, माइक पाण्यात, आवाजाची पातळी तपासत होते. हेडफोनमध्ये पंचम आला. मग सा, सा, खर्ज. पंचम चांगलाच उतरलेला, खर्ज नुसता थडथड करणारा. मला हसूच आलं. म्हटलं शाहनवाज पलीकडं बसून सराव करतोय, आणि काय भयंकर वाजवतोय.

राहवलं नाही. माझा संच बुडवला आणि बरोबर पंचम मारला. त्यानं परत मारला, थोडा वर आलेला. मी परत मारला. तो परत. अब्बांसारखं, न बोलता, बरोबरचा देत राहायचं. असं अर्धा तास चाललं. पंचम बसला. दोन्ही सा बसले. खर्ज शेवटी बसला, आणि काय बसला. मी इथून शाबास म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

वर येऊन राहीबाईंना विचारलं, शाहनवाजचा चहा झाला का. त्या म्हणाल्या, त्यो तर साहेबांसंगं सात वाजताच पाटणला गेलाय, हवेच्या टाक्या भरून आणायला. दुसरा संच कुठाय विचारलं. तो माझ्याच खोलीत, पलंगाखाली होता. कोरडा.

२४ फेब्रुवारी, शनिवार

कुणाला सांगितलं नव्हतं. आज शाहनवाजला सांगितलं. आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. आम्ही दोघं धक्क्यावर जाऊन तासभर हेडफोन लावून बसलो. काही नाही. मासे, लांब एक इंजिन. तो म्हणाला, आपा, तू तीन दिवस तेच ऐकलंयस, कानात बसलंय तुझ्या. त्याचं खरं असावं असं मला फार वाटतंय.

तो उठून गेला आणि पाच मिनिटांनी वाजलं. पूर्ण फेरी. एकदम सुरात. तो जायची वाट बघत असल्यासारखं.

भाऊसोंची माफी मागितली. विचारलं, काय आहे ते. म्हणाले, आमाला म्हाईत न्हाई आन् इचारतबी न्हाई. त्यांच्या चुलत्यानं म्हणे होडीत बसून बायकोला हाक मारायची सवय लावली होती, काठावरून ती ओ द्यायची. एक दिवस ती माहेरी असताना पाण्यातून ओ आली. चुलता उतरला होडीतून. एवढंच सांगितलं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

काल शब-ए-बरात. अम्मीनं हलवा पाठवलेला, पाटणला जाऊन आणला. फोनवर तिनं एकच विचारलं, कधी येताय. मी म्हटलं आठवड्यात. खोटं बोलायचं नव्हतं.

आज साहेबांना सगळं सांगून म्हटलं, बुडी नको. त्यांनी कामाचा कागद काढून परत वाचला. मग म्हणाले, तुमचं मन मी मोडत नाही, पण दरवाजा अर्धवट आहे, बोल्ट दोनच राहिलेत, मी दुसरा पाणबुड्या मागवतो. ते ऐकून शाहनवाज उठला. दुसऱ्याला कशाला पाठवायचं तिथं, म्हणाला. त्याला हे संच, ही खूण, काही माहीत नाही, तो मेला तर. मी त्याच्या हाताला धरलं, ओरडले, रडले सुद्धा. तो म्हणाला वीस मिनिटं आपा, दोन बोल्ट, मग आयुष्यभर भोपळे.

मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. हे अम्मीला कसं सांगायचं ते मला माहीत नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

उद्या अकराला बुडी. ठरवलंय ते असं. खालून काहीही वाजलं तरी मी मानणार नाही. ठीक वाजलं तरी मानणार नाही. पंचवीस मिनिटं झाली की भाऊसो आणि मी दोरी ओढणार, बस्स.

शाहनवाजनं विचारलं, आणि वरून वाजलेलं. मी म्हटलं, वरून वाजेल ती मीच असणार, ते खरं धर. तो म्हणाला, वरून का खालून मला कुठं कळतं. मग म्हणाला, पण तुझा हात कळतो मला. तुझ्यासारखा खर्ज कुणाचा लागतच नाही.

झोप नाही. खिडकी बंद केलीय. बंद करून काही होत नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

बोटीतून लिहितेय. ऊन चांगलं आहे. वारा नाही.

११.०५. उतरला. टाकी मी स्वतः तपासली, काटा दोनशेवर, पूर्ण भरलेली. हवा पस्तीस-चाळीस मिनिटं पुरेल. दोरीचं टोक बोटीच्या खुंटीला, मधली दोरी माझ्या मांडीवर.

११.१०. पूर्ण फेरी. सुरात.

११.१५. पूर्ण फेरी. मागून पान्ह्याचा आवाज येतोय. बोल्ट फिरतोय. पान्हा तोच, शाहनवाजचा हात. अल्लाह, एवढं होऊ दे.

११.२०. पूर्ण फेरी. आणि लगेच परत पूर्ण फेरी. दोनदा का?

११.२१. पान्हा थांबला.

११.२३. वर आला. दोरी न ओढता, आपणहून, बोटीच्या मागच्या बाजूला. भाऊसोंनी काखेत हात घालून आत घेतलं. अल्हम्दुलिल्लाह. मी रडतेय, अक्षर नीट येत नाही. झालं. संपलं. उद्याची पहिली गाडी.

११.२४. पुढच्या फळीवर बसलाय, माझ्याकडं पाठ करून. मुखवटा काढला नाही. दमलाय. पाणी निथळतंय. हाक मारली, मान हलवली त्यानं. भाऊसो चहाचा थर्मास उघडतायत.

११.२५. टाकीचा काटा दिसतोय मला इथून. दोनशे.

अठरा मिनिटं खाली होता. काटा दोनशे. एक श्वाससुद्धा—

११.२६. दोरी त्याच्या कमरेला नाही. दोरी पाण्यात जातेय. ताठ आहे.

११.२६. ओढतंय कुणीतरी. खालून. एक दोन तीन चार. थांबून परत. एक दोन तीन चार.

हेडफोन लावला. खर्ज, सा, सा, पंचम. खर्ज, सा, सा, पंचम. उलटी फेरी. घाईची. सूर सुटलेला. सळई कशावर तरी आपटतेय. शाहनवाज आहे. शाहनवाज खाली आहे.

११.२७. भाऊसोंना खुणेनं सांगितलं दोरी ओढा. ते म्हणतात, आवं ताई, पोरगं तर वर आलंय की. पुढं बोट दाखवतायत. मी काटा दाखवला. बघितला त्यांनी. थर्मास पडला हातातून.

११.२८. दोघं ओढतोय. येतेय दोरी. जड आहे पण येतेय. दोन हात आली. एका हातानं लिहितेय, लिहिलं नाही तर उद्या मलाच—

११.२९. पाच हात आली. खालून तो पण चढतोय. हवा आहे अजून, दहा मिनिटं आहे. ये रे. ये माझ्या राजा.

तो पुढचा वळला. मुखवट्याच्या काचेआड पाणी भरलंय. काठोकाठ. डोळे उघडे.

११.३०. माझा संच उचलला त्यानं. पायाशी होता. मी धरायला गेले, हात गार, धरवेना. बोटीच्या कडेवरून वाकला. सळया पाण्यात—

खर्ज.

खर्ज.

माझ्या हातचा. अगदी माझ्या हातचा.

खर्ज.

दोरी थांबली. येईना. भाऊसो पाय रोवून ओढतायत, येईना. शिडी धरली असणार त्यानं. हलू नकोस म्हटलं की तो— त्याला वाटतंय मी आहे. त्याला वाटतंय मी सोडवायला येतेय आणि तो तिथं गप्प धरून

शाहनवाज सोड. शिडी सोड. ती मी नव्हते शाहन